उत्तर कोणत्या भाषेत?



देशाला एक राष्ट्रभाषा हवी की नको, हा वाद आपल्याकडे दर काही वर्षांनी पेटतो, आणि पेटला की माणसे आधी बाजू घेतात, कारणे मागाहून शोधतात. २०२५ साली महाराष्ट्राने हे जवळून पाहिले. १६ एप्रिलला पहिलीपासून हिंदी अनिवार्य करणारा शासन निर्णय निघाला, १७ जूनला त्यात फेरफार करणारा दुसरा निघाला आणि २९ जूनला दोन्ही मागे घेतल्याची घोषणा झाली. त्या अडीच महिन्यांत वर्तमानपत्रांनी रकानेच्या रकाने भरले, पण बहुतेक लिखाण हिंदी थोर की मराठी थोर याच मोजमापात अडकले. थोरवीच्या स्पर्धेला पंच मिळत नाही, म्हणून ती संपतही नाही. मला आज एक रोकडा प्रश्न विचारायचा आहे. सरकार आणि नागरिक समोरासमोर येतात तेव्हा दुसऱ्याची भाषा शिकून येण्याची जबाबदारी कोणाची? माझ्या मते ती सरकारची. राष्ट्रभाषेच्या वादाचा इतिहास या एका कसोटीवर घासून पाहिला तर बराच धुरळा खाली बसतो.

घटना समितीचे कामकाज सुरू होऊन दुसराच दिवस होता, १० डिसेंबर १९४६. झांशीचे र. वि. धुळेकर (आडनाव आपल्या चांगल्या ओळखीचे आहे) कामकाजाच्या नियमांवर हिंदुस्तानीत बोलू लागले. अनेक सदस्यांना ही भाषा समजत नाही, असे हंगामी अध्यक्षांनी त्यांच्या लक्षात आणून दिले. त्यावर, ज्यांना हिंदुस्तानी येत नाही त्यांना या देशात राहण्याचा हक्क नाही, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. उद्दामपणा म्हणून आपण ते विसरून जातो. पण पुढच्या साऱ्या वादाचा सांगाडा त्यात आहे: बोलणाऱ्याने काही करायचे नाही, शिकायचे ते ऐकणाऱ्याने. १२ ते १४ सप्टेंबर १९४९ या तीन दिवसांत समितीने जो मुन्शी-अय्यंगार तोडगा स्वीकारला त्याने हा प्रश्न सोडवला नाही, पंधरा वर्षे पुढे ढकलला. देवनागरीतील हिंदी ही संघराज्याची राजभाषा, इंग्रजी २६ जानेवारी १९६५ पर्यंत चालू, आणि आकडे आंतरराष्ट्रीय वळणाचे. या आकड्यांवरून केवढे रण माजले होते, हे आज वाचताना नवल वाटते. राष्ट्रभाषा हा दर्जा मात्र घटनेने कोणत्याच भाषेला दिला नाही, आणि तशी काही नोंद आढळत नसल्याचे गुजरात उच्च न्यायालयानेही २०१० मध्ये म्हटले. हिंदी एका मताने राष्ट्रभाषा झाली, ही कथा अजूनही भाषणांत ऐकू येते. तिचे मूळ डॉ. आंबेडकरांच्या १९५५ मधील ‘थॉट्स ऑन लिंग्विस्टिक स्टेट्स’ या पुस्तिकेत आहे. काँग्रेस पक्षाच्या बैठकीत आधी ७८ विरुद्ध ७८ आणि नंतर ७८ विरुद्ध ७७ अशी मते पडल्याचे ते लिहितात. ते पक्षाच्या बैठकीतले मतदान, घटना समितीच्या सभागृहातले नव्हे.

घटनेतल्या भाषाविषयक भागाची चर्चा ३४३ व्या कलमापाशी सुरू होते आणि बहुधा तिथेच संपते. ३५० वे कलम फारसे कोणी उघडत नाही. आपल्या गाऱ्हाण्याचे निवारण व्हावे म्हणून केंद्राच्या अधिकाऱ्याकडे केंद्रात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत, आणि राज्याच्या अधिकाऱ्याकडे राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत अर्ज करण्याचा अधिकार ते प्रत्येकाला देते. कलम तिथेच थांबते. अर्जाचे उत्तर कोणत्या भाषेत मिळावे, याबद्दल त्यात अक्षर नाही. आता याच्या शेजारी १९७६ चे राजभाषा नियम ठेवा. या नियमांनी देशाचे क, ख आणि ग असे तीन भाग पाडले. महाराष्ट्र गुजरात-पंजाबबरोबर ‘ख’ मध्ये आहे, आणि तमिळनाडूला हे नियम लागूच नाहीत. पाचवा नियम सांगतो की हिंदीत आलेल्या पत्राला केंद्र सरकारच्या कार्यालयाने हिंदीतच उत्तर द्यावे. नियम म्हणून तो उत्तम आहे. मला त्यात एवढीच खोट दिसते की तो एकाच भाषेसाठी आहे. सोलापूरच्या एखाद्या निवृत्त गिरणी कामगाराने आपल्या निवृत्तिवेतनाबद्दल केंद्राच्या कार्यालयाला मराठीत लिहिले, तर उत्तर हिंदीत किंवा इंग्रजीत येऊ शकते आणि कोणताही नियम मोडलेला नसतो. तेच पत्र हिंदीत गेले असते तर हिंदीत उत्तर मिळणे हा त्याचा हक्क ठरला असता. हिंदी राष्ट्रभाषा आहे की नाही, यावर गळे काढणाऱ्या दोन्ही बाजूंनी हा फरक कधी मुद्दा केला नाही.

स्पर्धा परीक्षांतही हेच. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेची उत्तरे मराठीत लिहिता येतात. प्रश्नपत्रिका मात्र, भाषा-साहित्याचे विषय सोडले तर, हिंदी आणि इंग्रजी या दोनच भाषांत छापलेली असते. म्हणजे मराठी माध्यमाच्या मुलाने प्रश्न दुसऱ्याच्या भाषेत समजून घ्यायचा आणि उत्तर आपल्या भाषेत लिहायचे. हिंदी माध्यमाच्या मुलाला हा वळसा घ्यावा लागत नाही. १९६५ साली हिंदीविरोधी आंदोलनात मद्रास राज्य पेटले, त्यामागे तमिळ अस्मिता होतीच, पण रस्त्यावर उतरलेल्या विद्यार्थ्यांच्या मनात केंद्रीय नोकऱ्यांच्या परीक्षेचीही धास्ती होती. केंद्रीय मंत्री सी. सुब्रमण्यम आणि ओ. व्ही. अलगेशन यांनी राजीनामे दिले, ११ फेब्रुवारीला पंतप्रधान शास्त्रींना नभोवाणीवरून आश्वासने द्यावी लागली, आणि १९६७ च्या निवडणुकीत खुद्द काँग्रेसाध्यक्ष कामराज विरुदुनगरमध्ये एका विद्यार्थी नेत्याकडून पराभूत झाले. ही भीती आधी कोणी सांगितली नव्हती असे नाही. आपल्या बाळासाहेब खेरांच्या अध्यक्षतेखाली १९५५ मध्ये राजभाषा आयोग नेमला गेला होता. त्याच्या अहवालाला सुनीतिकुमार चटर्जी आणि पी. सुब्बरायन यांनी भिन्नमतपत्रिका जोडल्या. चटर्जी हे एकेकाळचे हिंदीचे पुरस्कर्ते. हिंदी ज्यांची स्वतःची भाषा आहे ते पहिल्या वर्गाचे नागरिक आणि बाकीचे दुसऱ्या वर्गाचे, अशी फाळणी होईल, ही चिंता त्यांनी तेव्हाच मांडली होती.

शेजारच्या देशात याच दुर्लक्षाची किंमत जास्त मोजावी लागली. फेब्रुवारी १९४८ मध्ये पाकिस्तानच्या संविधान सभेत धीरेंद्रनाथ दत्त यांनी सभेच्या कामकाजात उर्दू-इंग्रजीबरोबर बंगालीही असावी, एवढीच दुरुस्ती सुचवली. त्यांनी दिलेले उदाहरण टपाल कचेरीचे होते. ढाका विद्यापीठात शिकणाऱ्या मुलाला पैसे पाठवायला शेतकरी बाप गावच्या कचेरीत जातो आणि हातात पडतो तो मनीऑर्डरचा फॉर्म उर्दूत छापलेला. दत्तांनी इतिहास, संस्कृती, काव्य यांतले काही काढले असते तर त्यांना उत्तर देणे सोपे गेले असते. त्यांनी फॉर्म पुढे केला. दुरुस्ती फेटाळली गेली, मार्चमध्ये जिनांनी ढाक्यात जाऊन उर्दूच एकमेव राजभाषा असल्याचे ठणकावले, २१ फेब्रुवारी १९५२ ला ढाक्यात गोळीबार झाला. १९५६ च्या पाकिस्तानी घटनेने बंगालीला बरोबरीचा दर्जा दिला, पण तोवर मने फाटली होती. त्या देशात बंगाली निम्म्याहून अधिक लोकांची भाषा होती, हे मुद्दाम सांगायला हवे.

यावर इंडोनेशियाचे उदाहरण हमखास पुढे केले जाते. शेकडो भाषांचा देश, एक भाषा निवडली आणि टिकला, मग आपल्याला काय अडचण? उदाहरण खरे आहे, पण ते अर्धेच सांगितले जाते. २८ ऑक्टोबर १९२८ च्या युवक प्रतिज्ञेत तिथल्या राष्ट्रवाद्यांनी जी भाषा स्वीकारली ती मलाय, बंदरांतल्या व्यापाराची. सर्वांत मोठा समाज जावाभाषकांचा होता आणि जावा भाषेला मोठी साहित्यपरंपराही होती. तरी जावाच्या नेत्यांनी आपली भाषा पुढे रेटली नाही. नवी भाषा शिकण्याचे ओझे सर्वांत बलिष्ठ गटानेही उचलले, म्हणून इतरांना ते सोसले. आपल्याकडच्या प्रस्तावात हे ओझे नेमके उलट्या बाजूला पडते. (इंडोनेशियातही प्रादेशिक भाषांची पीछेहाट झालीच, तो हिशेब कोणी मांडत नाही.)

दुसरा युक्तिवाद बहुसंख्येचा. २०११ च्या जनगणनेत हिंदी मातृभाषा असणारे ४३.६३ टक्के, म्हणजे सुमारे ५२.८ कोटी. पण हिंदी या मथळ्याखाली जनगणनेने पन्नासहून अधिक मातृभाषा गोळा केल्या आहेत. त्यांत भोजपुरी सांगणारे पाच कोटी आहेत, छत्तीसगढी सांगणारे दीड कोटीहून जास्त, शिवाय मगही, राजस्थानी आणि इतर कितीतरी. आपली मातृभाषा नुसती ‘हिंदी’ असे सांगणारे सुमारे ३२ कोटी निघतात. म्हणजे पाटण्याच्या वा बिलासपूरच्या खेड्यातल्या मुलालाही शाळेत दुसऱ्याच भाषेची सवय करावी लागते, आणि त्याची तक्रार आपल्यापर्यंत पोहोचत नाही कारण आकडेवारीत त्याची भाषा दिसतच नाही. हिंदीविरुद्ध ओरडताना या माणसांना आपण शत्रुपक्षात जमा करतो, हा आपला आळस आहे.

मग इंग्रजी? तिला निष्पक्ष म्हणायची पद्धत आहे. राज्याराज्यांमध्ये ती निष्पक्ष असेल. वर्गावर्गांमध्ये ती अजिबात नाही. इंग्रजी येते असे सांगणारे २०११ मध्ये शंभरात दहाच्या आसपास होते. तरीही ३४८ व्या कलमानुसार उच्च न्यायालयांचे काम इंग्रजीत चालते. राष्ट्रपतींच्या संमतीने हिंदी किंवा राज्याची भाषा वापरता येते, आणि राजस्थान, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश व बिहार या चार राज्यांत हिंदीला तशी मुभा मिळाली आहे. तमिळनाडू, गुजरात, पश्चिम बंगाल, कर्नाटक यांनी आपापल्या भाषांसाठी, आणि छत्तीसगढने हिंदीसाठी, तेच मागितले. सर्वोच्च न्यायालयाच्या संमतीअभावी ते झाले नाही. आपली जमीन जाणार की राहणार, यावर वकील तासभर बोलतो आणि मागच्या बाकावर बसलेल्या अशिलाला त्यातले स्वतःचे नाव तेवढे ओळखू येते. कायद्याची परिभाषा तयार नाही, बदलून येणाऱ्या न्यायाधीशांचे काय, हे आक्षेप खरे आहेत. पण अनुवादाची सोय करणे हे न्यायसंस्थेचे काम आहे. अशिलाने त्यासाठी इंग्रजी शिकावी ही अपेक्षा कशी करता येईल?

खर्चाचा आक्षेप इथे जमलेल्या अनुवादकांच्या व्यवसायाचाच आहे, म्हणून त्यावर थोडे थांबतो. घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या बावीस भाषांत कारभार करायचा तर तिजोरी रिकामी होईल, असे म्हटले जाते. प्रत्येक कागद बावीस भाषांत करा, असे कोणी सुचवलेले नाही. अर्ज ज्या भाषेत आला त्या एका भाषेत उत्तर, एवढीच मागणी आहे. युरोपीय संघात २४ अधिकृत भाषा आहेत. तिथला नागरिक त्यांपैकी कोणत्याही भाषेत संघाच्या संस्थांना लिहू शकतो, आणि त्याच भाषेत उत्तर मिळण्याचा हक्क करारातच नमूद आहे. भाषासेवेचा साराच खर्च त्यांच्या अर्थसंकल्पाच्या एक टक्क्याच्या आत राहतो. आपल्याकडेही मनात आले की होते. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या शिपाई भरतीची परीक्षा २०२४ पासून हिंदी-इंग्रजीखेरीज मराठीसह १३ भाषांत घेतली जाऊ लागली. त्यासाठी घटना बदलावी लागली नाही, कोणाला राष्ट्रभाषा घोषित करावे लागले नाही. यंत्रानुवाद आता पहिला खर्डा हातात देतो. तो तपासणारी, ‘अपील’ आणि ‘पुनरीक्षण’ यांतला फरक जाणणारी माणसे लागतील. ती नेमावी लागतील, त्यांना पगार द्यावा लागेल, आणि शब्दावर दर ठरवून रात्रीतून काम उरकून घेण्याची पद्धत सोडावी लागेल.

शेवटचा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो, आणि तो बाहेरून येत नाही. जी कसोटी आपण दिल्लीला लावतो ती मुंबईला लावली तर? कोंकणी ही मराठीची बोली आहे, असे मराठीतल्या विद्वानांनी किती वर्षे किती ठामपणे सांगितले! १९७५ मध्ये साहित्य अकादमीने तिला मान्यता दिली, १९८७ च्या कायद्याने ती गोव्याची राजभाषा झाली (मराठीच्या वापराची तरतूद त्याच कायद्यात आहे), १९९२ मध्ये ती आठव्या अनुसूचीत गेली. तरी तो सूर अधूनमधून उमटतोच. गोंडी बोलणारे देशात तीस लाखांच्या घरात आहेत, भिली बोलणारे एक कोटीहून अधिक. दोन्ही भाषा अनुसूचीबाहेर. गडचिरोलीतल्या गोंड मुलाला पहिलीत जे पुस्तक मिळते ते त्याच्या दृष्टीने परक्या भाषेतले, आणि ती परकी भाषा मराठी आहे. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय राज्यांनी करावी, असे घटनेचे ३५०-अ कलम १९५६ पासून सांगते. गोंडीला एकच लिपी नाही, शिक्षक मिळत नाहीत, पुस्तके नाहीत, ही कारणे आपण देतो तेव्हा ती ऐकल्यासारखी वाटतात, कारण मराठी उच्च न्यायालयात का चालत नाही याचीही हीच कारणे आपल्याला ऐकवली जातात. २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, त्याचा आनंद मलाही आहे. त्या दर्जाने गोंडीच्या बाबतीतले आपले उत्तर बदललेले नाही.

या संमेलनाच्या समारोपाला जे ठराव मांडले जातील त्यांत दोन असावेत, अशी माझी सूचना आहे. राज्याची राजभाषा असलेल्या कोणत्याही भाषेत केंद्राकडे आलेल्या अर्जाला त्याच भाषेत उत्तर देणे बंधनकारक करावे, हा एक. आणि गडचिरोली, नंदुरबार, मेळघाट येथील शासकीय कार्यालयांनी गोंडी, भिली आणि कोरकू बोलणाऱ्यांना त्यांच्या भाषेत उत्तर देण्यासाठी दुभाषे आणि अनुवादक कायमस्वरूपी नेमावेत, हा दुसरा. छापताना दुसरा ठराव आधी छापावा. पहिला दिल्लीला पाठवायचा आहे, दुसरा आपल्याच मंत्रालयात.