ताकदीचा भाव कोण ठरवतं?

छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याच्या कारखान्यात काही वर्षं तीन गाड्या जोडल्या जात होत्या: स्कोडा ऑक्टाव्हिया, स्कोडा सुपर्ब आणि ऑडी ए-३. तिघींच्याही काही आवृत्त्यांत फोक्सवॅगनच्या ईए-८८८ घराण्यातलं १.८ लिटरचं, १८० अश्वशक्तीचं टर्बो पेट्रोल इंजिन होतं. गाड्यांच्या किमतींत लाखोंचा फरक, आणि तो समजण्यासारखा. ऐसपैस जागा, आसनांचं चामडं, बिल्ला या सगळ्याचे पैसे पडतात. पण तिन्ही मालक बाहेरच्या ट्यूनरकडे ईसीयू रिमॅप करायला गेले, तर तिघांना एकच भाव लागावा, की ऑडीवाल्याला थोडा चढा?

ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, यात तक्ते भरलेले असतात. इंजिनाच्या अमुक फेऱ्यांना आणि अमुक भाराला किती इंधन सोडायचं, ठिणगी केव्हा पाडायची, टर्बोचा दाब किती ठेवायचा. ट्यूनर हे तक्ते वाचतो, बदलतो आणि परत लिहितो. पहिली फाइल खर्चीक असते. कुलूप उघडायचं, गाडी डायनोवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, पुन्हा पुन्हा पळवायची, उष्णता आणि नॉकिंग तपासायचं. त्याच गाडीसाठी दुसरी प्रत मात्र जवळजवळ फुकट पडते. म्हणजे भाव दोनच गोष्टींवर ठरतो: पहिल्या फाइलचा खर्च किती गिऱ्हाइकांत वाटला जातो, आणि समोरच्याचा खिसा किती खोल आहे. पहिल्या हिशेबाबद्दल कोणाची तक्रार नसावी. भांडण दुसऱ्याशी आहे.

अमेरिकेत हे दोन्ही हिशेब चालताना दिसतात. एचपी ट्यूनर्स ही ट्यूनिंगचं सॉफ्टवेअर विकणारी कंपनी गाडीमागे क्रेडिट आकारते. एका क्रेडिटला साधारण ५० डॉलर. जनरल मोटर्सच्या जुन्या व्ही-एट इंजिनांना दोन क्रेडिट पुरत. नव्या, कडक बंदोबस्ताच्या मॉडेलांना जास्त लागतात. यात तर्क आहे, कारण कुलपं खरोखर अवघड झाली. २०२० च्या कॉर्वेट सी-८ मधल्या एन्क्रिप्शनने बाहेरच्या ट्यूनरांना बराच काळ दारातच उभं केलं. कॉब कंपनीचं अ‍ॅक्सेसपोर्ट हे हातात मावणारं यंत्रही सुबारूसाठी स्वस्त, पोर्शसाठी महाग. सुबारूवाल्यांची फौज मोठी आणि पोर्शवाले मोजके, हे खरं. पण पोर्शवाला घासाघीस करत नाही, हेही तितकंच खरं. या दोन कारणांची विभागणी किमतीच्या पाटीवर कुठेच लिहिलेली नसते.

फ्रेंच अभियंता ज्यूल द्युप्वी याने १८४९ मध्ये रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाबद्दल एक निरीक्षण नोंदवलं होतं. डब्यांना छप्पर नसायचं, ते छपराच्या खर्चामुळे नव्हे, तर दुसऱ्या वर्गाचं तिकीट परवडणाऱ्याने तिसऱ्या वर्गात बसू नये म्हणून. ट्यूनिंग बॉक्सच्या, म्हणजे गाडीला बाहेरून जोडायच्या ट्यूनिंगच्या पेट्यांच्या, बाजारात हे तंत्र जिवंत आहे. जर्मनीतली रेसचिप एकाच गाडीसाठी एस, आरएस आणि जीटीएस अशा चढत्या श्रेणी विकते. वरच्या श्रेणीत क्षमता जास्त असते, नाही असं नाही. पण पायऱ्या मुळात गिऱ्हाइकाला स्वतःच्या ऐपतीची पायरी निवडायला लावण्यासाठी असतात. त्यात फसवणूक नाही, कारण निवड त्याची आहे. बिल्ला पाहून भाव वाढवणाऱ्या ट्यूनरकडे मात्र ही निवड उरत नाही. ईसीयूचा पार्ट नंबर विचारण्याआधीच जो आकडा सांगतो, त्याने गाडीचा नव्हे, मालकाचा अंदाज घेतलेला असतो.

आता उलट बाजू. इंजिन एक असलं म्हणून काम एकच असतं असं नाही. सुपर्बच्या मॅन्युअल गाडीत याच १.८ इंजिनाला ३२० न्यूटन-मीटर टॉर्क होता, डीएसजी म्हणजे दुहेरी क्लचच्या स्वयंचलित गाडीत २५०. कारण डीएसजीचा सात गतींचा, कोरड्या क्लचचा डीक्यू-२०० गिअरबॉक्स २५० न्यूटन-मीटरसाठीच बनवलेला. इंजिन मुद्दाम लगाम घालून विकलं होतं. मॅन्युअलवाल्याला रिमॅप करून देणं त्यामानाने सोपं. डीएसजीवाल्याच्या गाडीत गिअरबॉक्सचा वेगळा विचार हवा, शक्य तर त्याचं सॉफ्टवेअरही बदलायला हवं. त्याला जास्त भाव लागला तर तो न्याय्यच आहे. उलट दोघांना एकच स्वस्त फाइल टेकवणारा ट्यूनर क्लचचं बिल पुढे ढकलतो. बिनटर्बो गाड्यांचं गणित याहून सरळ आहे. तिथे नुसत्या सॉफ्टवेअरने ताकद जेमतेम वाढते, त्यामुळे टर्बोवाल्याइतकेच पैसे घेणं, फाइल कितीही मेहनतीची असो, महागच.

राहिला कायदा. कॅलिफोर्नियात प्रदूषणाच्या नियमांत बसणाऱ्या ट्यूनला मॉडेल आणि वर्षनिहाय मंजुरी घ्यावी लागते. चाचण्यांचा तो खर्चही किमतीत येतो, आणि कमी खपाच्या मॉडेलला जड जातो. तो टाळून स्वस्त राहणारे पुष्कळ निघाले. गेल्या दशकात साडेपाच लाखांहून जास्त डिझेल पिकअपची प्रदूषण-नियंत्रण यंत्रणा काढून टाकली गेल्याचा अंदाज अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०२० मध्ये मांडला. प्रदूषण-नियंत्रणाच्या याच प्रश्नावरून २०२४ मध्ये कॉबने सुमारे २९ लाख डॉलर दंड मान्य केला. भारतात मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करू देत नाही, आणि उत्पादक वॉरंटी नाकारू शकतो ते वेगळंच. इथल्या कोटेशनात फाइलचा भाव असतो, डायनोचा असतो, वर जीएसटीही असतो. या जोखमीची ओळ मात्र स्कोडावाल्याच्या कागदावर नसते आणि ऑडीवाल्याच्याही नसते.