न आवडलेला थोर चित्रपट

एखाद्या फिल्म सोसायटीचा खेळ संपतो, दिवे लागतात, आणि मंडळी हळूहळू बाहेर पडूं लागतात. चित्रपट जुना, जगभर मान्यता पावलेला. त्याचें नांव प्रत्येक ग्रंथांत आदरानें घेतलेलें. बाहेर चहाच्या पेल्यांभोंवतीं कोणी छायालेखनाची वाखाणणी करतो, कोणी दिग्दर्शकाच्या प्रतिभेची. आणि एक गृहस्थ मात्र कांहींच न बोलतां चहा पीत राहतो. त्याला चित्रपट कंटाळवाणा वाटलेला असतो. मध्यंतरीं दोन वेळां त्याचे डोळेहि मिटले होते. पण तें बोलून दाखविण्याचें धैर्य त्याला होत नाहीं. कोणीं विचारलेंच, तर "छान आहे" म्हणून तो मोकळा होतो. घरीं गेल्यावर पत्नीजवळ तो खरें तें सांगतो, आणि तीहि हंसून कबूल करते कीं, तिलाहि तसेंच वाटत होतें.

श्रोतेहो, या गृहस्थाचें चुकलें तें काय? चित्रपट आवडला नाहीं, ही कांहीं चूक नव्हे. रुचि ही हुकुमानें उत्पन्न होत नाहीं. चूक असेल तर ती एवढीच, कीं आपल्याला नेमकें काय खुपलें याचा त्यानें शोधच घेतला नाहीं. त्यामुळें तो दोन्ही बाजूंनीं नागवला गेला. त्यानें केलेली स्तुति उसनी ठरली, आणि त्याची नावड मुकी राहिली.

जिची नावड मुकी राहिली नाहीं अशा एका मोठ्या लेखणीची हकीकत या संबंधांत ऐकण्यासारखी आहे. 'मेट्रोपोलिस' हा फ्रिट्झ लांग या दिग्दर्शकाचा जर्मन मूकपट. उफा या कंपनीनें त्यावर पन्नास लाख मार्कांहून अधिक रक्कम ओतली. चित्रण सुमारे दीड वर्ष चाललें. आणि १० जानेवारी १९२७ रोजीं तो बर्लिनमध्यें प्रथम दाखविण्यांत आला. पुढें २००१ सालीं युनेस्कोनें जगाच्या स्मृतिसंग्रहांत ज्या चित्रपटाची सर्वांत आधीं नोंद केली, तो हाच. आणि याच चित्रपटावर १७ एप्रिल १९२७ च्या 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्यें एच्. जी. वेल्स यांनीं एक लेख लिहिला. याहून मूर्खपणाचा चित्रपट अलीकडे पाहण्यांत आला नाहीं, आणि याहून मूर्खपणाचा कोणाला काढतां येईल असेंहि वाटत नाहीं, अशा आशयानें त्या लेखाचा प्रारंभ होतो!

वेल्स तेव्हां साठ वर्षांचे होते. भविष्यकाळाची चित्रें रेखाटण्यांत त्यांचा हात धरणारा दुसरा लेखक युरोपांत नव्हता. तेव्हां हा अभिप्राय कोणा अडाण्याचा म्हणून झटकून टाकण्याजोगा नव्हता.

'मेट्रोपोलिस'ची कथा थोडक्यांत अशी. भविष्यकाळांतील एक महानगर आहे. वर आकाशाला भिडणाऱ्या इमारती, हवेंतून धांवणारे रस्ते आणि श्रीमंतांचीं क्रीडावनें. खालीं जमिनीच्या पोटांत कामकऱ्यांची वस्ती आणि अखंड चालणारीं यंत्रें. नगराधिपतीचा मुलगा फ्रेडर एकदां खालीं उतरतो आणि तेथील जिणें पाहून हादरतो. मारिया नांवाची एक साध्वी तरुणी कामकऱ्यांना धीर देत असते. रोटवांग नांवाचा शास्त्रज्ञ तिच्या रूपाचा एक यांत्रिक मानव घडवितो, आणि ती खोटी मारिया लोकांना भडकावून विध्वंसास प्रवृत्त करते. शेवटीं पूर येतो, मुलें वांचतात, आणि मंदिराच्या दारांत फ्रेडर हा आपल्या बापाचा हात मुख्य कामगाराच्या हातांत देतो. मस्तक आणि हात यांच्यामध्यें हृदयानें मध्यस्थी केली पाहिजे, हें त्या कथेचें तात्पर्य.

वेल्स यांचे आक्षेप नुसत्या नापसंतीचे नव्हते, ते मुद्द्यांचे होते. श्रीमंत वर आणि गरीब खालीं अशी उभी नगरी ही कल्पनाच शिळी झाली, असें त्यांचें म्हणणें. कारण मोठीं शहरें उंच होण्यापेक्षां बाहेरच्या बाजूस पसरत चाललीं आहेत. यंत्रें वाढलीं कीं पाठ मोडणारें काम कमी होतें; मग इतकीं अवाढव्य यंत्रें असतांना हीं हजारों माणसें गुलामासारखीं राबतात तीं कशासाठीं? आणि त्या यंत्रांतून निघणारा माल विकत तरी कोण घेतो? कारण लोकांच्या खिशांत पैसा नसेल तर प्रचंड प्रमाणावरील उत्पादन चालणारच नाहीं. विमानें दाखविलीं तींहि १९२७ मध्यें उडत होतीं त्यांच्याच धर्तीचीं. भविष्यकाळाची म्हणून त्यांत कांहींच सुधारणा नाहीं. यांत्रिक माणसाची कल्पना कारेल चापेक यांच्या नाटकावरून उचललेली, आणि राक्षस घडविणारा शास्त्रज्ञ मेरी शेली यांच्या कादंबरींतून आलेला.

याच ओघांत वेल्स एक मोठी मनोरंजक गोष्ट सांगून जातात. या ढिगाऱ्यांत त्यांना स्वतःच्याच एका जुन्या पुस्तकाचे तुकडे सांपडले. १८९९ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कादंबरींत झोंपेंतून उठलेल्या एका माणसाला दोन शतकांनंतरचें जग दिसतें, आणि तेथेंहि वर धनिक व खालीं राबणारे असाच देखावा आहे. म्हणजे लांग यांच्यावर उगारलेली ही छडी अर्धीमुर्धी तरी वेल्स यांच्या स्वतःच्या तारुण्यावर पडत होती. जी कल्पना मागें टाकून ते अठ्ठावीस वर्षें पुढें चालत आले, तीच पडद्यावर पन्नास लाख मार्कांचा पोशाख करून त्यांच्यासमोर उभी राहिली. मग त्यांचा संताप कां होऊं नये?

आतां, वेल्स यांचें म्हणणें खरें होतें कीं खोटें? कथेपुरतें पाहिलें तर त्यांचे बहुतेक आक्षेप खोडून काढणें कठीण आहे. मात्र त्या वेळीं इंग्लंड-अमेरिकेंत फिरत असलेली या चित्रपटाची आवृत्ति कात्री लावून बरीच आखूड केलेली होती, हेंहि लक्षांत घेतलें पाहिजे. हेल नांवाच्या स्त्रीचें सबंध उपकथानकच त्यांतून काढून टाकलें होतें. कारण काय, तर इंग्रजींत त्या नांवाचा अर्थ नरक असा दिसतो! रोटवांग यांत्रिक स्त्री कां घडवितो याचें उत्तर नेमकें त्या भागांत होतें. हरवलेला बहुतेक भाग २००८ सालीं ब्वेनोस आयरेसच्या चित्रपट-संग्रहालयांत १६ मिलिमीटरच्या एका निगेटिव्हवर सांपडला, आणि २०१० मध्यें जवळजवळ पूर्ण झालेला चित्रपट बर्लिनच्या महोत्सवांत पुन्हा दाखविला गेला. त्यानें कथेंतील कांहीं भोंकें बुजलीं. माल विकत कोण घेतो, हा प्रश्न मात्र जेथल्या तेथें राहिला.

परंतु एका बाबतींत वेल्स चुकले, आणि ती बाब लहान नव्हे. यंत्रानें राबणूक संपते, असें त्यांनीं गृहीत धरलें. हेन्री फोर्ड यांच्या कारखान्यांत १९१३-१४ पासून जी सरकत्या पट्ट्याची पद्धति आली, तिनें मजुरी वाढविली हें खरें. पण माणसाच्या हाताला दिवसभर तीच एक हालचाल करावयास लावली, हेंहि तितकेंच खरें. 'मेट्रोपोलिस'मध्यें पाळी बदलते तेव्हां खालमानेनें, एका तालांत पाऊल टाकीत, कामकऱ्यांच्या दोन रांगा एकमेकींजवळून जातात. एक आंत, दुसरी बाहेर. घड्याळाच्या तबकडीसारख्या यंत्रावर एक माणूस ओणवा होऊन दोन्ही हातांनीं कांटे ओढीत असतो, आणि दमून कोसळतो. त्या यंत्राला काय अर्थ आहे, असें कोणीं विचारलें तर उत्तर देतां येणार नाहीं. पण मुंबईच्या गिरणगांवांत भोंग्याबरोबर पाळी सुटतांना ज्यांनीं एके काळीं पाहिली, त्यांना त्या दृश्याचा अर्थ कोणीं समजावून सांगावा लागला नसता. वेल्स हिशेब पाहत होते; पडद्यावर होती ती थकलेली पाठ.

हें दुहेरी सत्य ज्यानें त्याच वर्षीं ओळखलें, तो होता सत्तावीस वर्षांचा एक स्पॅनिश तरुण. पुढें स्वतः थोर दिग्दर्शक झालेल्या लुई बुन्युएल यानें लिहिलें कीं, 'मेट्रोपोलिस' हे पोटाशीं पोट चिकटविलेले दोन चित्रपट आहेत. त्यांतील कथा क्षुद्र, शब्दबंबाळ आणि जुनाट. परंतु डोळ्यांपुढें जें उभें राहतें तें असें कीं, पाहणारा भारावून जावा. आरशांच्या युक्तीनें लहान प्रतिकृतींत जिवंत माणसें वावरतांना दाखविण्याची यूजेन शुफ्टान यांची किमया ज्यांनीं पाहिली आहे, त्यांना बुन्युएलच्या या दुसऱ्या वाक्याची साक्ष पटेल. नावड आणि आवड एकाच लेखांत, एकमेकींना न दडपतां, अशा क्वचितच नांदतात.

याहून गंभीर आक्षेप पुढें आला. जर्मनीतून परागंदा होऊन अमेरिकेंत गेलेले सीगफ्रीड क्राकाउअर यांनीं १९४७ सालच्या आपल्या ग्रंथांत त्या शेवटच्या हस्तांदोलनावरच बोट ठेवलें. मालकाची सत्ता तशीच राहते, कामकरी मात्र भावनेनें जिंकला जातो. हृदयाच्या नांवाखालीं मनें ताब्यांत घेण्याची हीच विद्या पुढें नाझी राजवटीनें वापरली, असें त्यांना दिसलें. कथा लिहिणाऱ्या, लांग यांच्या तत्कालीन पत्नी थेआ फोन हारबू नाझी पक्षांत गेल्या. लांग यांनीं १९३३ मध्यें देश सोडला. ज्यानें त्या राजवटीचें फळ स्वतः भोगलें, त्याला तो देखावा गोड वाटावा अशी अपेक्षा कोणीं कां करावी? येथें नावड ही रुचीची बाब राहतच नाहीं, ती विवेकाची होते. आणि गंमत अशी कीं, स्वतः लांग यांनींहि पुढें एका मुलाखतींत या तात्पर्याला परीकथा म्हटलें. त्या काळीं आपलें सारें लक्ष यंत्रांकडेच लागलें होतें, अशीहि कबुली दिली. चित्रपट न आवडलेल्यांच्या पंगतींत खुद्द कर्त्याचेंच पान!

थोरपणाची गणना तरी कोठें स्थिर असते? लंडनच्या 'साइट अँड साउंड' या मासिकानें १९५२ पासून दर दहा वर्षांनीं समीक्षकांचा कौल घेतला. पहिल्या वेळीं 'बायसिकल थीव्हज्' अग्रस्थानीं होता, आणि 'सिटिझन केन'ला पहिल्या दहांतहि जागा नव्हती. तोच 'केन' १९६२ पासून २००२ पर्यंत पहिला राहिला. २०१२ मध्यें 'व्हर्टिगो'नें त्याला खालीं ओढलें, आणि २०२२ मध्यें शांताल अकेरमान या बाईंचा १९७५ चा चित्रपट सर्वांच्या वर गेला. १९४१ मध्यें बोर्हेस यांनीं 'केन'वर लिहितांना तो टिकेल, परंतु पुन्हा पाहावा असें कोणास वाटणार नाहीं, असें भाकीत केलें होतें. त्यांचा पहिला अर्धा भाग खरा ठरला.

परक्यांच्या चित्रपटांबद्दल असें समतोल बोलणें सोपें आहे. घरचा प्रसंग आला म्हणजे पारा चढतो. सत्यजित राय यांचा १९५५ चा 'पथेर पांचाली' सप्टेंबर १९५८ मध्यें न्यूयॉर्कला लागला, तेव्हां बॉस्ली क्राउदर या वजनदार समीक्षकानें त्याची बांधणी सैल आणि गति मंद ठरविली. हॉलिवुडच्या संकलकांनीं याला कच्ची जुळणी म्हणूनहि जेमतेम पत्करलें असतें, असा त्याचा सूर होता. मात्र चित्रांतून हळूहळू झिरपणारी करुणा त्याच लेखांत त्यानें मान्य केली, ही गोष्ट त्याचें नांव काढून रागावणारे सहसा सांगत नाहींत. चित्रपट तेथें पुढें कित्येक महिने चालला.

क्राउदर यानें निदान स्वतःला काय वाटलें तें सांगितलें. १९८० सालीं राज्यसभेच्या सदस्य झालेल्या नर्गिस दत्त यांचा आक्षेप निराळ्या जातीचा होता. राय हे भारताचें दारिद्र्य परदेशांत नेऊन मांडतात, असें त्या म्हणाल्या. ज्यांनीं 'मदर इंडिया'मध्यें कर्जबाजारी शेतकरणीची भूमिका अजरामर केली, त्यांनींच हें म्हणावें याचें नवल वाटतें! पण नवल बाजूस ठेवलें, तरी हा आक्षेप चित्र पाहून उठलेल्या डोळ्यांचा नव्हे. दुसरे पाहतील तर त्यांना काय वाटेल, या चिंतेचा आहे. 'लोक काय म्हणतील' म्हणून स्तुति करणारा तो चहा पिणारा गृहस्थ आणि 'लोक काय म्हणतील' म्हणून निंदा करणारा हा पक्ष, यांच्यांत अंतर फारसें नाहीं.

वेल्स यांच्यावर मात्र हा आरोप कोणालाहि करतां येणार नाहीं. त्यांनीं आपली नावड इतकी मनावर घेतली कीं, संधि मिळतांच स्वतःच तिचें उत्तर देण्याचें ठरविलें. अलेक्झांडर कोर्डा यांनीं वेल्स यांच्या ग्रंथावरून 'थिंग्ज टू कम' हा भविष्यकाळाचा बोलपट काढावयास घेतला. पटकथा वेल्स यांचीच. काम करणाऱ्या मंडळींना त्यांनीं लेखी सूचना दिली कीं, 'मेट्रोपोलिस'मध्यें लांग यांनीं जें जें केलें, त्याच्या नेमकें उलट येथें झालें पाहिजे. १९३६ मध्यें तो बोलपट पडद्यावर आला. त्यांतील विचार तर्कशुद्ध होते, आणि पात्रें ते विचार लांबलचक भाषणांतून बोलून दाखवीत होतीं. आज त्याची आठवण निघते ती हवाई हल्ल्यांत कोसळणाऱ्या नगराच्या दृश्यांसाठीं, आर्थर ब्लिस यांच्या संगीतासाठीं, आणि जग पुन्हा उभारणाऱ्या अजस्र यंत्रांच्या त्या लांब दृश्यमालिकेसाठीं, जींत कोणी जवळजवळ एक शब्दहि बोलत नाहीं.