मनरोव्हिलचे जुने कोर्ट
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी मी आत फराळाच्या ताटांपाशी असते. यंदा चिटणीसबाईंनी मला बाहेर ओढून आणले. म्हणाल्या, "अमेरिकेला जाऊन आलात, चार शब्द बोला." माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा जे पाहिले आणि दिरांनी समजावून सांगितले तेवढेच साध्या भाषेत सांगते. चुकले तर सांभाळून घ्या.

धाकट्या जाऊबाईंच्या बाळंतपणासाठी मी अलाबामा राज्यात तीन महिने होते. बाळंतीण हिंडूफिरू लागल्यावर एका रविवारी भाऊजी म्हणाले, "वहिनी, तुम्हांला एक कोर्ट दाखवतो." मी म्हटले, "इतक्या लांब येऊन कोर्टाची पायरी कशाला चढायची?" पण गेले, आणि गेले ते बरे झाले.

त्या गावाचे नाव मनरोव्हिल. आपल्या गावासारखेच लहान गाव. पूर्वी तिथल्या जिल्ह्याचा कारभार नदीकाठच्या क्लेबॉर्न गावातून चाले. १८३२ साली तो मनरोव्हिलला आला. आज जे जुने कोर्ट दिसते ते अँड्र्यू ब्रायन नावाच्या वास्तुशिल्पकाराने आखले आणि १९०३-०४ साली बांधून झाले. तांबड्या विटांची इमारत, वर घुमट आणि घड्याळ, भोवती हिरवळ. १९६३ साली शेजारीच नवे कोर्ट झाले आणि कामकाज तिकडे गेले. जुनी इमारत मात्र गावाने पाडली नाही. आता तिथे वस्तुसंग्रहालय आहे.

वरच्या मजल्यावर न्यायालयाचे दालन आहे. लाकडी कठडे, बाके, आणि वरती वळसा घेतलेला सज्जा. या गावातल्या हार्पर ली या बाईंची 'टू किल अ मॉकिंगबर्ड' ही कादंबरी १९६० साली प्रसिद्ध झाली. लहानपणी त्या याच सज्जातून आपल्या वकील वडिलांचे काम बघत. कादंबरीत एक गोरा वकील खोट्या आरोपात सापडलेल्या एका कृष्णवर्णीय माणसाची बाजू मांडतो. तो निरपराध आहे हे वाचणाऱ्याला कळते, तरी ज्यूरी त्याला दोषी ठरवते. १९६२ साली त्यावर चित्रपट निघाला. त्यासाठी या दालनाची मापे घेऊन हॉलिवूडमध्ये हुबेहूब दुसरे दालन उभारले होते.

ज्यूरी म्हणजे काय, हे आपल्यातल्या वडीलधाऱ्या बायकांना ठाऊक असेल. १९५९ सालचा मुंबईचा नानावटी खटला ज्यूरीपुढेच चालला. पुढे ती पद्धत आपल्याकडे बंद झाली. गावातली साधी माणसे बसवायची, त्यांनी दोन्ही बाजू ऐकायच्या आणि दोषी की निर्दोष ते सांगायचे, अशी ती पद्धत. अलाबामात ज्यूरीत बारा जण. पण १९६६ साली न्यायालयाने निकाल देईपर्यंत त्या राज्यात बाईला ज्यूरीत बसताच येत नव्हते. आणि कृष्णवर्णीयांना बसायला जागा होती ती वरच्या सज्जात.

कादंबरीतला वकील पुष्कळसा बाईंच्या वडिलांवरून घेतला आहे म्हणतात. त्या वडिलांनी १९१९ साली खुनाचा आरोप असलेल्या दोन कृष्णवर्णीयांचे वकीलपत्र घेतले होते. दोघेही फासावर गेले. त्यानंतर त्यांनी पुन्हा कधी फौजदारी खटला चालवला नाही. हे ऐकले आणि त्या रिकाम्या बाकांकडे बघून माझ्या पोटात कालवले.

आता दर वसंतात गावकरी तिथे त्या कादंबरीचे नाटक करतात. पहिला अंक बाहेर हिरवळीवर, आणि खटल्याचा अंक आत दालनात. लांबलांबून लोक येतात. गावाला अभिमान आहे, आणि तो असावा.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. याच गावात १९८६ साली एका तरुण मुलीचा खून झाला. वॉल्टर मॅकमिलियन या कृष्णवर्णीय माणसाला पुढच्या वर्षी पकडले. खून झाला त्या वेळी तो स्वतःच्या घरी होता. चर्चच्या निधीसाठी घरची आणि शेजारची माणसे तिथे मासे तळून विकत होती. आपण आनंदमेळ्यात भजी तळतो ना, तसेच! साक्षीदारांनी शपथेवर सांगितले, "हा आमच्यासमोर होता." खटला दुसऱ्या जिल्ह्यात नेला होता, दीड दिवसात संपला. ज्यूरीने जन्मठेप सुचवली, न्यायाधीशाने देहदंडाची शिक्षा दिली. ब्रायन स्टीव्हन्सन या वकिलांनी झगडून खोटी साक्ष उघडी पाडली, तेव्हा १९९३ साली, सुमारे सहा वर्षांनी तो सुटला. कादंबरी साऱ्या गावाला तोंडपाठ, पण शेजारणीची साक्ष कुणाला खरी वाटली नाही.

भाऊजींनी हे सांगितले तेव्हा, भगिनींनो, मला आपले मंडळ आठवले. मागल्या वर्षी चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला चांदीची अत्तरदाणी सापडेना. भांडी घासायला येणाऱ्या बाईंवर संशय गेला. त्या म्हणाल्या, "मी हात लावला नाही." याच सभागृहात आपण दहाबारा जणी सतरंजीवर बसलो होतो आणि त्या दाराशी उभ्या होत्या. त्या दिवशी त्या माझ्या डोळ्यांसमोर सारखा ओटा आवरत होत्या. हे मला ठाऊक होते. पण मी बोलले नाही. म्हटले, वाईटपणा कशाला घ्या! चार दिवसांनी अत्तरदाणी गुंडाळलेल्या सतरंजीत निघाली. आपण हसलो. त्या बाई पुन्हा आल्या नाहीत.

तिकडे बायकांना ज्यूरीत बसण्यासाठी १९६६ साल उजाडावे लागले. आपण मात्र घरात, आळीत, मंडळात रोज ज्यूरीत बसतो. सुनेचा निवाडा करतो, मोलकरणीचा करतो, शेजारणीच्या मुलीचा करतो. कोण बोलते आहे ते बघून तिचे खरे की खोटे ठरवतो. विटा कितीही जुन्या आणि देखण्या असोत, न्याय विटा देत नाहीत. बाकावर बसलेले माणूस देते, नाहीतर चुकवते.

म्हणून आज माझी एकच विनंती आहे. उद्या सकाळी मी त्या बाईंच्या घरी जाणार आहे, माफी मागायला आणि पुढच्या हळदीकुंकवाचे आमंत्रण द्यायला. कामाला नव्हे, ओटी भरून घ्यायला. अध्यक्षीणबाई, आपण बरोबर आलात तर ते माझ्या एकटीचे न राहता मंडळाचे होईल. आणखी कुणी येणार असेल तर नऊ वाजता देवळापाशी भेटू.

 फराळ तयार आहे, चहा गार होतो आहे. माझे चार शब्द पुरे करते.