वळवात सेट वाचवा, पुरात तो लागणार आहे

आजचा भाग हॅम रेडिओवर आहे. सेट कुठला घ्यावा हा विषय आपण आधी बराच चघळलाय. आज बोलूया घेतलेला सेट जिवंत कसा ठेवायचा यावर.

सांगलीकरांना ऑगस्ट २०१९ वेगळा सांगायला नको. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, आणि त्या वर्षी कृष्णा गेली ५७ फुटांच्या वर. घराघरांत अंधार, मोबाइलचे टॉवर बंद पडत चाललेले. अशा वेळी हॅम मंडळींनी सेट लावून बचावकार्याला निरोप पोचवायची सोय करून दिली. ते ऐकून बऱ्याच पोरांनी परवाना काढला, सेट घेतला. पण गोम कुठाय बघा. पूर येतो जुलै-ऑगस्टमध्ये. सेट मरतो एप्रिल-मेमध्ये, वळवाच्या पावसात. आणि तो मेलाय हे कळतं कधी? लागतो तेव्हा!

आधी एक स्पष्ट सांगतो. वीज थेट तुमच्या अँटेनावर पडली, तर घरगुती उपायांची काही शाश्वती नाही. तिचा प्रवाह साधारण ३० हजार अँपिअरच्या घरात असतो. पण थेट पडणं तसं विरळा. जवळपास कुठं पडली तरी तुमच्या लांब तारेत क्षणभर शेकडो, कधी हजारो व्होल्ट उमटतात. सेटच्या पुढच्या भागातले रिसीव्हरचे नाजूक ट्रान्झिस्टर काही व्होल्टांचेच धनी. ते जातात, आणि बाहेरून काही दिसत नाही. दिवे लागतात, आकडे दिसतात, ऐकू मात्र काही येत नाही.

यावर सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे केबल काढून ठेवणं. पुण्याच्या आयआयटीएमचं ‘दामिनी’ ॲप मोबाइलवर घ्या, आसपास विजा पडताहेत का ते कळतं. ढग लांब असतानाच केबल काढा. कडकडाट सुरू झाल्यावर केबलला हात लावायला जाऊ नका, सेट पुन्हा मिळेल. काढलेलं टोक टेबलावर सेटशेजारी सोडू नका, ते घराबाहेर राहील अशी सोय हवी. आणि भिंतीतला पिनही काढायचा. मराठीत आभाळातलीही वीज आणि बोर्डातलीही वीजच; त्यामुळे अँटेना काढली की काम झालं असं वाटतं. सर्ज बोर्डातूनही येतो.

आता मुख्य मुद्दा, अर्थिंग. इथं बहुतेकांचं चुकतं, आणि चुकतं ते हौसेनं. घराला मीटरपाशी अर्थिंग असतंच. पोरगा अँटेनाच्या खांबाला दुसऱ्या बाजूला वेगळा रॉड ठोकतो. दोन अर्थिंग, दुप्पट सुरक्षा असा हिशेब. पण आकडा मांडून बघा. खांबाच्या रॉडचा जमिनीशी रोध २५ ओहम धरा. विजेचा नुसता १,००० अँपिअरचा हिस्सा तिथून जमिनीत गेला, तर त्या रॉडवर २५,००० व्होल्ट चढतात. घराचं अर्थिंग पलीकडे, शांत. या दोघांना जोडणारी एकच वाट आहे: केबलची जाळी, मग तुमचा सेट, मग सप्लायची वायर. म्हणजे सेटलाच आपण पूल केला की नाही!

म्हणून दोन्ही अर्थिंग एकमेकांना जाड तांब्याच्या पट्टीनं किंवा तारेनं जोडा, घराच्या बाहेरून. अँटेनाची केबल, रोटेटरची वायर, जे काही आत येतं ते एकाच जागेतून आणा. तिथं एक धातूची प्लेट लावा, ती अर्थला जोडा आणि केबलची जाळी तिथंच बांधा. मग सगळ्यांचं व्होल्टेज एकदम चढेल आणि एकदम उतरेल. फरकच नसेल तर सेटमधून प्रवाह जाणार कशाला? घराच्या अर्थिंगला जोडायचं काम मात्र वायरमनकडून करून घ्या.

आपल्याकडे जमिनीची वेगळीच तऱ्हा. कृष्णाकाठची काळी माती ओल धरते, पण मेमध्ये भेगाळते. जत, आटपाडी, माण, खटावला चार फुटांवर कातळ लागला तर रॉड उभा ठोकणार कुठं? तिथं आडवा चर खणून पट्टी पुरा, जितकी लांब तितकी चांगली. आणि वळीव येतो तेव्हाच जमीन वर्षातली सगळ्यात कोरडी असते, म्हणून उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी घालत राहा. कोळसा-मिठानं रोध उतरतो खरा, पण मीठ लोखंड खातं. दर वर्षी जोड उकरून बघा.

त्या प्लेटवर गॅस ट्यूबवाला अरेस्टर बसवा. १०० वॉटच्या सेटला ५० ओहमच्या केबलवर शिखर व्होल्टेज १०० भरतं. अँटेना जुळलेली नसेल तर ते २०० कडे जातं. त्यामुळे ९० व्होल्टची ट्यूब घेतलीत तर बोलायला लागलात की तीच पेटेल. २३० व्होल्टची घ्या. ती सगळंच अडवते असं नाही, पण मोठा झटका जमिनीकडे वळवते.

सप्लायचं थोडक्यात सांगतो. जुन्या पद्धतीच्या ट्रान्सफॉर्मरवाल्या सप्लायमधला पास ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला, की १३.८ च्या जागी वीसहून जास्त व्होल्ट सेटवर जातात. त्यासाठी क्रोबार सर्किट हवं. व्होल्टेज १५-१६ वर गेलं की एससीआर लाइन शॉर्ट करतो आणि फ्यूज उडतो. फ्यूज दहा रुपयांचा, सेट पन्नास हजारांचा. उलट वायर जोडली जाण्याची भीती असेल तर फ्यूजनंतर आडवा डायोड टाका.

खरखर, म्हणजे नॉइज, बऱ्याचदा याच वाटांनी शिरते. शोधायची रीत सोपी आहे. सेट बॅटरीवर लावा आणि घराचा मेन स्विच पाडा. खरखर थांबली तर चोर घरातच. एकेक एमसीबी चढवत जा, पकडला जातो. एलईडी बल्ब, स्वस्त चार्जर, इन्व्हर्टर हे नेहमीचे संशयित. थांबली नाही, तर खिशातला मीडियम वेव्ह रेडिओ घेऊन फिरा. सोलर पंपाचा कंट्रोलर किंवा खांबावरचा तडकलेला इन्सुलेटर जवळ आला की रेडिओ ओरडायला लागतो. खांबाला हात लावू नका, नंबर टिपून महावितरणला कळवा.

लॅपटॉपच्या वायरीवर एक गोळा असतो ना? तो फेराइट. अँटेनाच्या केबलचे वेढे फेराइटच्या कड्यातून घेतले, की जाळीच्या बाहेरून येणारी खरखर अडते. वेढे दुप्पट केले की अडवण्याची ताकद साधारण चौपट होते, म्हणून एका वेढ्यावर समाधान मानू नका.

सातारकरांसाठी एक. अजिंक्यताऱ्यावर चढून, मनोऱ्यांच्या पायथ्याशी स्वस्त हातसेट लावलात आणि तो बहिरा वाटला, तर तो बिघडलाय असं समजू नका. शेजारच्या जोरदार सिग्नलनं त्याचा रिसीव्हर दबून जातो. चार पावलं गडाच्या दुसऱ्या अंगाला जा, बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतं.

आता जूनची वाट बघू नका. या रविवारी घराभोवती एक चक्कर मारा आणि अर्थिंगचे खड्डे किती आहेत ते मोजा. दोन निघाले तर ते जोडलेत का, तेवढं बघून ठेवा. पुढच्या भागात बॅटरीवर बोलू: वीज गेल्यावर १०० वॉटचा सेट किती तास चालतो, याचा हिशेब. भेटू.