टनामागे पाच सेंट आणि आईची पेन्शन

(कोळसा पट्ट्यातील स्त्रियांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



माझी आई घुग्घूसकडच्या एका खाणीवर कोळसा भरायची. १९५२ च्या खाण कायद्याने बायकांना जमिनीखाली काम करायला बंदी होती, म्हणून तिचं काम वरचं. वडील खाली उतरायचे. पुढे बायकांसाठी योजना आली: तुम्ही मुदतीआधी निवृत्त व्हा, तुमच्या जागी मुलाला घेऊ. आईने अंगठा दिला. "लेकाले नोकरी लागली, मले आता काय पाह्यजे?" असं ती म्हणाली. घरात पेढे वाटले गेले. तिची नोकरीची वर्षं कमी भरली, तेवढी तिची पेन्शन कमी झाली, हा हिशेब त्या दिवशी कुणीच मांडला नाही. मीसुद्धा नाही.

वडिलांच्या छातीत धूळ बसली होती. फुफ्फुसात साठलेली कोळशाची धूळ बाहेर निघत नाही, या रोगावर उतार नाही. रात्रभर उशीला टेकवून त्यांना बसवणं, पाठ चोळणं, दवाखान्याच्या रांगेत उभं राहणं हे सगळं आईने केलं. खाणीचं काम संपलं तरी खाणीचा आजार घरी येतो आणि त्याची पाळी बाईच करते. म्हणून निवृत्त कामगाराची पेन्शन आणि औषधपाणी हा आपला, बायकांचा प्रश्न आहे.

या प्रश्नावर बायका कशा लढल्या याची एक गोष्ट सांगते. अमेरिकेत १९४६ साली देशभर कोळसा कामगारांचा संप झाला. तेव्हा खाणी सरकारच्या ताब्यात होत्या. संघटनेचे जॉन लुईस आणि सरकारचे मंत्री क्रुग यांच्यात करार झाला. निघणाऱ्या प्रत्येक टनामागे पाच सेंट कामगारांच्या कल्याण निधीत जातील असं ठरलं. विचार साधा होता: कोळसा माणसाला झिजवतो, तर कोळशानेच त्याची भरपाई करावी.

पण लिहून दिलेलंही टिकवावं लागतं. १९८८ साली पिट्स्टन नावाच्या कंपनीचा करार संपला. तिने सुमारे दीड हजार निवृत्त कामगार, विधवा आणि अपंग यांचा दवाखान्याचा खर्च बंद केला. कामावरचे कामगार चौदा महिने कराराविना राबले आणि ५ एप्रिल १९८९ ला संपावर गेले. आपला पगार चालू असताना म्हाताऱ्यांसाठी आणि विधवांसाठी संप! त्याच महिन्यात व्हर्जिनियातल्या लेबनन गावी बायका कंपनीच्या कचेरीत शिरल्या आणि ठाण मांडून बसल्या. रात्र तिथेच काढली. नाव विचारलं की प्रत्येकीचं उत्तर एकच: मदर जोन्सची लेक. मदर जोन्स म्हणजे मेरी हॅरिस जोन्स. १८६७ च्या तापाच्या साथीत नवरा आणि चारही मुलं गमावलेली ही बाई पुढे आयुष्यभर खाण कामगारांत फिरली. लेकींनी आपली नावं झाकली, कारण एकेकीला वेगळी काढून धमकावता येतं.

१९९० च्या फेब्रुवारीत संप मिटला आणि म्हाताऱ्यांची औषधं परत सुरू झाली. १९९२ मध्ये निवृत्त खाण कामगारांच्या आरोग्याचा कायदा झाला. तरी पुढे कंपन्या दिवाळखोरी जाहीर करून जुनी देणी झटकू लागल्या. पुन्हा म्हातारे आणि विधवा रस्त्यावर आल्या. २०१७ मध्ये बावीस हजारांहून अधिक निवृत्तांच्या औषधपाण्याची कायमची सोय झाली आणि २०१९ च्या डिसेंबरमध्ये पेन्शन निधी वाचवणारा कायदा आला. १९४६ च्या शब्दासाठी सत्तर वर्षांनंतरही भांडावं लागलं.

आता आपल्याकडे पाहू. १९४८ पासून कोळसा खाण भविष्य निर्वाह निधीचा कायदा आहे. १९९८ पासून पेन्शन योजना आहे. पण एकदा ठरलेली पेन्शन महागाईबरोबर वाढत नाही. तेलाचा डबा वाढतो, इन्हेलर वाढतो, पेन्शन तिथेच. साहेब सांगतात, "मिळतंय ते काय कमी आहे?" सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्येच नाकरा खटल्यात सांगितलं आहे की पेन्शन ही मालकाच्या मर्जीची बक्षिसी नव्हे. ती केलेल्या कामाची मागे राहिलेली मजुरी आहे.

वडील गेल्यावर आई कागद घेऊन कचेरीत गेली. एका कागदावर तिचं माहेरचं नाव, दुसऱ्यावर सासरचं. "ही बाई तीच कशावरून?" असं तिला विचारलं. अठ्ठावीस वर्षं ज्याची भाकरी थापली, त्याची बायको असल्याचा पुरावा द्यायला तिने अकरा खेपा घातल्या.

म्हणून घरी गेल्यावर ट्रंक उघडा. नवऱ्याच्या कागदांत वारस म्हणून तुमचं नाव आहे का, स्पेलिंग आणि जन्मतारीख सगळीकडे एकच आहे का, हे तो जिवंत असतानाच पाहा. तो ठेकेदाराकडे असेल तर त्याचा निधी भरला जातो का ते विचारा. निवृत्तीनंतरच्या औषधोपचार योजनेत पैसे भरायचे असतील तर त्यात तुमचंही नाव घालून घ्या. तुम्ही स्वतः नोकरीत असाल आणि कुणी मुलासाठी राजीनामा मागत असेल, तर आधी तुमच्या म्हातारपणाचा हिशेब कागदावर मागा.

आणि युनियनच्या सभेला चला. चहा करायला नाही, सतरंजीवर पुढे बसायला. आई आज माझ्याबरोबर आली आहे. ती तिथे मागे बसली आहे. आई, पुढे ये.