रक्तांतील साक्षीदार

उतारवयांत दंड-मांड्या रोडावतात व बळ ओसरतें. या स्नायुक्षयास १९८९ सालीं आयर्विन रोझेनबर्ग यांनीं 'सार्कोपेनिया' हें नांव सुचविलें. रक्ताच्या चार थेंबांवरून तो ओळखतां आला तर केवढी सोय! शास्त्रज्ञांनीं तसे साक्षीदार हेरलेहि आहेत. परंतु उलटतपासणीवांचून साक्ष मानणें बरें नव्हे.

पहिला साक्षीदार क्रिएटिनिन. हें द्रव्य स्नायूंत उत्पन्न होतें व मूत्रपिंडांवाटे बाहेर पडतें. स्नायू घटले कीं रक्तांत तें उतरतें. मूत्रपिंडें थकलीं कीं चढतें. एकाच वृद्धाच्या ठायीं दोन्ही घडलें तर आंकडा निर्दोष दिसतो! म्हणून सिस्टॅटिन-सी या द्रव्याशीं त्याचें गुणोत्तर काढतात. पण थायरॉइडचा विकार वा स्टेरॉइड औषधें त्यासहि हलवितात. शिवाय मॅक्स याफे यांच्या १८८६ च्या रंगपद्धतींत ग्लुकोजसारखे परके पदार्थहि क्रिएटिनिनचें सोंग घेतात.

जीडीएफ-११ या प्रथिनाची कथा तर अधिकच बोधप्रद. वयपरत्वें तें उंदरांच्या रक्तांत घटतें, असें २०१३ सालीं प्रसिद्ध झालें. २०१५ सालीं दुसऱ्या संशोधकांनीं दाखविलें कीं, मोजणीस वापरलेलीं द्रव्यें मायोस्टॅटिन या त्याच्या भावंडासहि पकडीत होतीं. ओळखपरेडच चुकली होती!

म्हणूनच २०१८ च्या सुधारित युरोपीय निकषांत पहिला मान बळाला आहे. मुठीची पकड पुरुषांत २७ किलोहून, स्त्रियांत १६ किलोहून कमी भरली, अथवा खुर्चीवरून पांच वेळां उठावयास १५ सेकंदांहून अधिक लागले, तर डॉक्टरांस दाखवावें. वडीलधाऱ्यांचें बळ जाणावयाचें तर कागदापूर्वीं त्यांची मूठ पाहावी.