कमानीची रेघ

गणपतीच्या मखराची कमान कागदावर सुबक दिसते आणि प्लायवूडवर मोठी केली की बेढब होते. कारण साधं आहे. एका इंचाचा एक फूट केला, की एक मिलिमीटरची चूक बारा मिलिमीटरची होते. म्हणून मी चौकटी आखून मोठ्या कागदावर अर्ध्याच कमानीचे ठिपके घेतो. ठिपक्यांवर खिळे ठोकून त्यांना लागून लाकडाची लवचीक पट्टी वाकवतो. पट्टीला पोक आणणारा खिळा काढायचा आणि मगच रेघ मारायची. रेघेवर टाचणीनं भोकं पाडून कागद प्लायवूडवर ठेवावा, वरून गेरूची पुरचुंडी आपटावी. मधल्या रेषेवर कागद उलटा केला, की दुसरी बाजू तंतोतंत उमटते. आठ बाय चारची शीट चुकीची कापली तर वाया जाते, म्हणून करवत सगळ्यात शेवटी.